दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये स्पीकर नेमके कुठे ठेवावेत?

प्रश्न:
आमच्या पुण्यातील सदनिकेत बेडरूम १० × १० फुटांची आहे. उजव्या भिंतीला लोखंडी कपाट असून पलंगाचे डोके मागच्या भिंतीला आहे. मागे पोर्ट (खर्ज वाढवणारे हवेचे भोक) असलेले दोन बुकशेल्फ (लहान आकाराचे) स्पीकर मी समोरच्या दोन कोपऱ्यांत स्टुलांवर ठेवले आहेत. प्रामुख्याने शास्त्रीय गायन ऐकतो. भिंतीला टेकून बसले की डग्गा इतका घुमतो की बंदिशीचे शब्द बुडून जातात. खोलीच्या मध्यावर गेले की तोच डग्गा पोकळ वाटू लागतो. स्पीकर बदलावेत का?

उत्तर १:
स्पीकर बदलू नयेत. अडचण खोलीच्या मापांची आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर दहा फुटांवरील समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास स्थिर लहर (भिंतींमध्ये जागच्या जागी घुमणारा खालचा सूर) तयार होते, आणि लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे ती दोन्ही दिशांनी एकाच वारंवारतेवर जोर धरते. भिंतीपाशी तिचा दाब सर्वाधिक आणि मध्यावर जवळजवळ शून्य असतो. कोपऱ्यातला स्पीकर ती आणखी चेतवतो.

दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून अडीच-अडीच फूट आत घ्यावेत, म्हणजे त्यांच्यात पाच फूट अंतर राहील. मागे किमान एक फूट मोकळी जागा सोडावी. आपण मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर, पाठीशी तक्क्या घेऊन पलंगावरच बसावे; दोन्ही स्पीकरही तेथून साधारण पाच फुटांवर येतील. ट्वीटर (स्पीकरमधला वरचे सूर काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर हवा. तरीही घुमणे उरले, तरच पोर्टमध्ये स्पंजचा बोळा घालून पाहावा.

उत्तर २:
वरील मापांशी सहमत आहे, परंतु कपाटाकडे दुर्लक्ष करू नये. एकीकडे गुळगुळीत पत्रा आणि दुसरीकडे पडदा असेल, तर आवाज एका बाजूला झुकतो. जुने मोनो (दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज देणारे) ध्वनिमुद्रण लावावे; गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधून आला पाहिजे. तो पसरट येत असेल आणि खर्जही विरळ वाटत असेल, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या आहेत का, हे आधी तपासावे. दुसऱ्या कोणाला कपाटावर आरसा सरकवायला सांगून, बसल्या जागेवरून ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल तेथे जाड गोधडी टांगावी. तिने वरच्या पट्टीचा कर्कशपणा कमी होईल. खर्जावर मात्र गोधडीचा किंवा अंड्यांच्या ट्रेचा काहीही परिणाम होत नाही, कारण ५६ हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटरहून अधिक असते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. या मांडणीत बंदिशीचे शब्द स्वच्छ ऐकू येतात आणि तारा बरोबर आहेत. मोनो मुद्रणात आवाज अजून किंचित उजवीकडे झुकतो, आणि डग्ग्याच्या मींडेबरोबर कपाटाचे दार थरथरते.

उत्तर २:
दाराच्या आतल्या कडेला नमद्याची पट्टी चिकटवावी. झुकाव कमी करण्यासाठी गोधडी लावल्यावर दोन्ही ट्वीटरपासून कानापर्यंतचे अंतर टेपने मोजून सारखे करावे; दोन-तीन सेंटिमीटरचा फरकही कानाला जाणवतो.