प्रबंधासाठी काय घ्यावं: नान्नजचं गवत की कंबर तलावाचं पाणी?

दगडीपाला
एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, चौथ्या सत्राला प्रबंध. दोन विषय डोक्यात आहेत. एक, नान्नज (सोलापूरजवळचं माळढोक अभयारण्य) भागात चराईबंद आणि उघड्या माळावरच्या गवताची तुलना. दुसरा, सोलापुरातल्या कंबर तलावातला विरघळलेला ऑक्सिजन आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते माप). काम जानेवारीत सुरू होईल. गवतासाठी १ मीटर चौरसाचे ३० क्वाड्रॅट (मोजणीच्या चौकटी) पुरतील का?

कुसळी
जानेवारीत गवत घेऊच नका. मारवेल, पवन्या, कुसळी ओळखायची फुलोऱ्यावरून, आणि फुलोरा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुमारास माळावर नुसती वाळलेली ताटं उरतात. मग वहीत ‘गवत अ’, ‘गवत ब’ येतं आणि परीक्षक नेमका तिथंच बोट ठेवतो. हाच विषय हवा असेल तर मोजणी तिसऱ्या सत्रात उरका, चौथ्यात आकडेमोड.

३० पुरतील, पण कुठले ३०? सगळे एकाच कुंपणात टाकले तर चराईबंदीचा नमुना तुमच्याकडे एकच. निदान तीन बंद तुकडे, तीन उघडे, प्रत्येकात ५ क्वाड्रॅट. जोडीच्या तुकड्यांची माती सारखी बघा; एकीकडे मुरूम आणि दुसरीकडे काळी असेल तर फरक चराईचा की मातीचा, हे सांगता येणार नाही. चौकट फेकायची जुनी सवय सोडा, हात आपोआप दाट गवताकडे जातो. टेप अंथरून यादृच्छिक आकड्यांनी बिंदू काढा. वजन घ्यायचं असेल तर जमिनीलगत कापून, कागदी पिशवीत, ओव्हनमध्ये ७० अंशांवर ४८ तास, आणि लागोपाठची दोन वजनं सारखी येईपर्यंत. उन्हात वाळवलेल्या गवतात ओल राहतेच.

माळावरचा
परवानगीचं कुणी बोललंच नाही. अभयारण्याच्या आत अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते (१९७२ चा कायदा, कलम २८), म्हणजे अर्ज नागपूरपर्यंत जाणार. त्यात पावसाळा हा माळढोकाचा विणीचा हंगाम. बाहेरचं गायरान आणि एखादं राखलेलं खाजगी कुरण घ्या, ग्रामपंचायत आणि मालकाचं पत्र जोडा. तुलना तीच होते.

तळ्याकाठी
जानेवारीच धरायचा तर पाणीच बरं. ३०० मिलीची बाटली बुडबुडा न ठेवता भरा. काठावरच मँगनस सल्फेट १ मिली, मग अल्कली आयोडाइड अझाइड १ मिली. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. साका खाली बसला की तीव्र सल्फ्युरिक आम्ल १ मिली. मग २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटनं टायट्रेशन (रंग जाईपर्यंत थेंबथेंब घालून मोजणी): लागलेले मिली म्हणजेच मिग्रॅ प्रति लिटर. थायोसल्फेट दरवेळी प्रमाणित करा, ते ठेवल्या ठेवल्या उतरतं.

वेळ लिहिली नाही तर आकडा वाया. शेवाळ असलेल्या तळ्यात दुपारी दोनला ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटे तेच पाणी मासे मारतं. सूर्योदयाला एक आणि दुपारी एक असे दोन नमुने घ्याच.

बीओडीसाठी आपल्याकडच्या मानकात २७ अंशांवर ३ दिवस. विभागातलं इन्क्युबेटर थंडही करतं का ते आधी बघा. एप्रिलात सोलापूरच्या खोलीत पारा चाळिशीला टेकतो आणि नुसतं तापवणारं यंत्र २७ वर येणारच नाही. सांडपाणी मिसळत असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या विरलता (नमुन्यात कमीजास्त शुद्ध पाणी मिसळून) लावा. ३ दिवसांनी लिटरमागे किमान २ मिग्रॅ ऑक्सिजन खर्च झालेला आणि किमान १ उरलेला असेल तीच बाटली धरायची.

दगडीपाला
पाणीच घेतो. प्रात्यक्षिकात टायट्रेशन करताना स्टार्चचा निळा रंग गेला की थोड्या वेळात परत येतो. आणखी थेंब टाकायचे का?

तळ्याकाठी
नाही. निळा पहिल्यांदा गेला तोच अंतबिंदू, नंतरचं मोजू नका. लगेच आणि दरवेळी परतत असेल तर पाण्यात नायट्राइट आहे आणि अझाइड कमी पडतंय, ते द्रावण नवीन करा. आणि स्टार्च रंग फिक्का पिवळा झाल्यावरच घाला.