मदत हवी आहे: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ईएचआर शिकवायचंय, पण संगणकाचा तास म्हणून नाही

नमस्कार मंडळी,

मी नर्सिंग कॉलेजात मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवते. पुढच्या सत्रापासून आमच्याकडे ईएचआर, म्हणजे रुग्णाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींचं सॉफ्टवेअर, अभ्यासक्रमात आणायचं ठरलंय आणि आखणी माझ्याकडे आली आहे. संगणकांची लॅब आहे, एक सर्व्हर मिळेल, आयटीतले एक जण अर्धवेळ मदत करतील. सॉफ्टवेअर विकत घेण्याइतके पैसे नाहीत. इथे रुग्णालयात काम करणारे आणि सॉफ्टवेअरमधलेही बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

बैठकीत पुढे आलेला प्रस्ताव असा: संगणकाच्या विषयात काही प्रात्यक्षिकं वाढवायची. लॉगिन करणं, रुग्णाची नोंदणी, व्हायटल्स म्हणजे नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान भरणं, डिस्चार्ज समरी छापणं, आणि परीक्षेलाही तेच. राबवायला सोपं आहे, पण मला पटत नाही. मेनू आणि बटणं प्रत्येक रुग्णालयात वेगळी असतात आणि कामाला लागल्यावर थोड्या दिवसांत ती हातात बसतात. नोंदी वाचून रुग्णाचं काय चाललंय हे ओळखणं, आणि पुढच्या पाळीतल्या माणसाला त्यावर निर्णय घेता येईल अशी नोंद लिहिणं, हे मात्र थोड्या दिवसांत येत नाही. मला ईएचआर हवंय ते त्यासाठी.

एक केस सांगते, म्हणजे माझ्या डोक्यात काय आहे ते कळेल. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. सकाळी श्वास मिनिटाला १८, ऑक्सिजन ९७ टक्के, नाडी ८८, वरचा रक्तदाब १२४, तापमान ३७.४ सेल्सिअस. दुपारी श्वास २१, ऑक्सिजन ९६, नाडी ९८, रक्तदाब ११६, तापमान ३७.९. रात्री श्वास २४, ऑक्सिजन ९५, नाडी ११२, रक्तदाब १०२, तापमान ३८.३. रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे, बोलतोय, ऑक्सिजन लावलेला नाही. यातला कुठलाही आकडा सुटा पाहिला तर नवी मुलगी म्हणेल, थोडा ताप आहे, बाकी ठीक. पण ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१७ ची न्यूज-२ ही गुणपद्धत (आकडे जितके बिघडलेले तितके गुण जास्त) लावली तर सकाळी ०, दुपारी ३ आणि रात्री ७ गुण होतात. ७ म्हणजे डॉक्टरांना ताबडतोब बोलावण्याची वेळ. आणि दुपारच्या मुलीने श्वास न मोजता सकाळचा १८ तसाच पुढे उतरवला, तर दुपारची बेरीज ३ ऐवजी १ येते. पहिला इशारा तिथेच पुसला जातो. श्वासाची गती हा वॉर्डात सगळ्यात जास्त अंदाजाने लिहिला जाणारा आकडा आहे, हे ज्यांनी वॉर्ड केलाय त्यांना सांगायला नको.

कागदी चार्टवर हे शिकवता येतं, मी शिकवतेही. पण कागदावर प्रत्येक विद्यार्थिनीला तीन पाळ्यांचा चालता रुग्ण देता येत नाही, आणि कुणी काय वाचलं, काय न वाचता पुढे गेलं, हे मला कळत नाही.

आता प्रश्न.

सॉफ्टवेअर कुठलं? मोफत आणि ओपन सोर्समध्ये मी तीन पाहिली. ओपनएमआरएसचं काम २००४ मध्ये सुरू झालं, केनियातल्या एल्डोरेटच्या एचआयव्ही उपचार कार्यक्रमाशी त्याची मुळं जोडलेली आहेत. बहमनी हे त्यावरच उभं आहे, पण सोबत प्रयोगशाळा, बिलिंग आणि एक्स-रेच्या प्रतिमा सांभाळणारी जोडणीही येते. ओपनईएमआर बसवायला सोपं वाटलं, पण ते बाह्यरुग्ण दवाखान्याच्या कामाभोवती घडलेलं आहे. मला वॉर्ड हवाय: औषध दिल्याची नोंद, इनटेक-आउटपुट (शरीरात किती द्रव गेलं, किती बाहेर आलं), पाळीची नोंद. कुणी यातलं काही वर्गात चालवलंय का?

रुग्ण कुठून आणायचे? खऱ्या रुग्णांच्या फाइली नावं खोडून वापराव्यात असं एका सहकाऱ्याने सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. नाव खोडलं तरी तारीख, वय, दुर्मिळ आजार एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. अमेरिकेतल्या मायटर संस्थेचं सिन्थिया नावाचं मोफत साधन पूर्ण कृत्रिम रुग्ण तयार करतं, ते बसवून पाहतेय.

आणि हे कुठल्या विषयात घालायचं? स्वतंत्र पेपर की प्रत्येक क्लिनिकल विषयात थोडं थोडं? गुण कशाला द्यायचे?

अनुभवाचं लिहा, अर्धवट असलं तरी चालेल.

प्रतिसाद १

मॅडम, मी एका शिक्षणसंस्थेसाठी ओपनएमआरएस बसवून दिलंय, त्यामुळे तांत्रिक बाजूचं सांगतो.

तुमच्या वर्णनावरून बहमनी जवळचं वाटतं, पण ते जड आहे. अर्धवेळ माणूस आणि एक सर्व्हर असताना सगळी जोडणी चालू ठेवण्याचा हट्ट धरू नका. बिलिंग आणि एक्स-रे आधी बंद ठेवा. ओपनएमआरएसमध्ये फॉर्म स्वतः बनवता येतात, मात्र त्याआधी प्रत्येक प्रश्न आणि उत्तर कन्सेप्ट डिक्शनरीत असावं लागतं. तो शब्दकोश शून्यापासून बनवायला बसू नका, तयार असलेला सिएल शब्दसंग्रह घ्या.

खरा त्रास सॉफ्टवेअरच्या निवडीत नाही, वेळेत आहे. ईएचआर घड्याळावर चालतं. तुम्ही केस मार्च महिन्याच्या तारखांनी भरली आणि वर्ग जुलैत घेतला, तर सगळी औषधं 'चुकलेली' दिसतात आणि दोन दिवसांपूर्वीची शस्त्रक्रिया चार महिन्यांपूर्वीची होते. म्हणून केसमध्ये तारखा लिहूच नका, 'शस्त्रक्रियेपासून इतके तास' असं लिहा, आणि वर्गाच्या आदल्या रात्री एक स्क्रिप्ट त्या दिवसाची तारीख धरून नोंदी भरेल असं करून घ्या. आयटीतल्या माणसाकडून पहिल्यांदा हेच मागा.

दुसरं, एका रुग्णावर सगळा वर्ग बसवू नका. पहिलीने ॲलर्जी नोंदवली की बाकीच्यांना ती आयती दिसते. प्रत्येकीला त्याच केसची स्वतंत्र प्रत द्या. वर्ग सुटला की डेटाबेस मूळ स्थितीत परत आणायचा. ओपनईएमआरचं सार्वजनिक डेमो पाहिलं असेल तर तेही नियमित पुसलं जातं, त्यामुळे अशा डेमोवर वर्ग घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या.

सिन्थियाबद्दल: रुग्ण भराभर मिळतात, फायर नावाच्या प्रमाण स्वरूपात मिळतात, पण मूळ मांडणीत ते सगळे मॅसॅच्युसेट्सचे रहिवासी असतात. पत्ते, विमा, आजारांचं प्रमाण तिथलं. शिवाय नर्सच्या पाळीची लिहिलेली नोंद तुम्हाला हवी तशी त्यातून येणार नाही. यादी भरलेली दिसावी म्हणून ते वापरा. ज्यावर शिकवायचंय ते मोजके रुग्ण हातानेच लिहावे लागतील.

प्रतिसाद २

मी सर्जिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर. नव्या मुली कामाला येतात तेव्हा टायपिंग सगळ्यांना येतं, माझ्यापेक्षा चांगलं येतं. अडतं कुठे ते सांगते, तुम्हाला केस लिहायला उपयोग होईल.

रुग्ण चुकीचा उघडणं. यादीत सारख्या नावाचे दोन रुग्ण असले की पटकन पहिल्यावर क्लिक होतं. कागदाची फाइल पलंगाला अडकवलेली असायची, तिथे ही चूक अवघड होती. तुमच्या यादीत सारख्या नावाचे, जवळपास सारख्या वयाचे दोन रुग्ण मुद्दाम ठेवा, आणि एकाला पेनिसिलिनची ॲलर्जी असू द्या.

दुसरं, सगळ्या नोंदी पाळी संपताना एकदम भरणं. मॅडम, ही सवय कॉलेजातच लागते कारण तिथे जर्नल असंच भरलं जातं! सॉफ्टवेअरमध्ये दोन वेळा असतात, काम केल्याची आणि नोंद टाकल्याची. औषध सकाळी ८ ला दिलं आणि नोंद दुपारी २ ला टाकली, तर मधल्या सहा तासांत दुसऱ्या कुणाला ते दिलेलं नाही असंच दिसतं. दुसरा डोस असाच जातो. मुलींना या दोन वेळांमधला फरक दाखवा, त्यांचाच डेटा काढून दाखवा.

तिसरं, एकीच्या लॉगिनवर दुसरीने लिहिणं. घाईत होतं, पण त्या नोंदीची जबाबदारी कुणाच्या नावावर जाते हे त्यांच्या लक्षातच येत नाही. लॅबमध्ये संगणक कमी असले तरी लॉगिन प्रत्येकीचं वेगळं हवं.

चुकलेली नोंद दुरुस्त कशी करायची हेही शिकवा. कागदावर एक रेघ मारून सही करतो, खाडाखोड करत नाही. इथेही तेच तत्त्व आहे. जुनी नोंद मागे राहते, दुरुस्ती वेगळी दिसते, कारण लिहावं लागतं. मुलींना वाटतं डिलीट केलं की गेलं.

आणि एकदा वर्ग चालू असताना सर्व्हर बंद करा. खरंच. सिस्टीम बंद पडल्यावर कागदी फॉर्मवर काम चालू ठेवायचं आणि सुरू झाल्यावर मागच्या वेळेसह नोंदी भरायच्या, हे ज्यांनी कधी केलेलं नसतं त्या हातावर हात ठेवून बसतात. तोपर्यंत रुग्णाचं औषध थांबत नाही.

प्रतिसाद ३

थोडा वेगळा सूर. पहिल्या वर्षाला सॉफ्टवेअर देऊ नका. फॉर्ममध्ये चौकोन आयते मिळाले की काय बघायचं हे फॉर्म ठरवतो, विद्यार्थी नाही. आधी कोऱ्या कागदावर लिहू दे.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादात तथ्य आहे, पण वर्षाच्या मागे लपवायची गरज नाही. मी डॉक्टर आहे आणि रेसिडेंट्सना नोंदी लिहायला शिकवतो. लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडलं की नोंद रुग्णाच्या समस्यांच्या यादीभोवती रचली पाहिजे, कारण नोंदीची रचना ही लिहिणाऱ्याच्या विचाराची रचना असते. आज सगळे ज्याला सोप नोट म्हणतात, रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, पुढे काय करायचं, ती तिथूनच आली. ते काम कागदावरचं होतं. म्हणजे प्रश्न कागद की पडदा हा नाही. विद्यार्थिनीला 'मला काय वाटतं' हा तिसरा भाग स्वतःच्या शब्दांत लिहायला लावता का, हा आहे. चौकोनांत व्हायटल्स भरू द्या, पण त्या भागात एकही टिकमार्क ठेवू नका आणि आधीची नोंद चिकटवायची सोय बंद करा.

स्वतंत्र पेपरच्या मी विरोधात आहे. स्वतंत्र पेपर केला की तो संगणकाच्या शिक्षकांकडे जातो आणि क्लिनिकल शिक्षक हात झटकतात. सुरुवात तुमच्या विषयापासून करा. सहकाऱ्यांना आधी विद्यार्थी म्हणून तीच केस सोडवायला बसवा. ज्या शिक्षकांना स्वतःला सॉफ्टवेअरची धास्ती वाटते ते वर्गात ते उघडतच नाहीत, आणि वर्षाअखेर ठपका मुलींवर येतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून आखणी पुन्हा लिहिली.

ओपनएमआरएसवर थांबतेय, बिलिंग वगैरे काही नाही. तारखांची स्क्रिप्ट आयटीला सांगितली, त्यांना लगेच पटलं. सारख्या नावाच्या दोन रुग्णांची केस सिस्टरांनी सांगितली तशीच घेणार. पहिल्या वर्षाबद्दलचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. त्यांना लिहायला कागद देईन, पण वाचायला ईएचआर देईन. दुसऱ्याच्या नोंदी वाचून 'यात काय नाही' हे शोधायला वर्षाची अट कशाला?

दुसऱ्या वर्षासाठी असं ठरवलंय: वर्गाच्या तीन तुकड्या म्हणजे तीन पाळ्या. सकाळच्या तुकडीतली मुलगी नोंद लिहील, दुपारच्या तुकडीतल्या मुलीला रुग्णाबद्दल फक्त त्या नोंदीतून कळेल, तोंडी काही नाही. शस्त्रक्रियेनंतरची ती केस तीन तुकड्यांतून रात्रीपर्यंत जाईल. मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचा रुग्णाचा पुतळा, प्रत्येक वेळी समोर असेल, श्वास खरोखर मोजावा लागेल.

यात एका जागी अडलेय. सकाळच्या मुलीने वाईट लिहिलं तर रात्रीची मुलगी तिच्यामुळे चुकेल. गुण द्यायचे कसे? रात्रीच्या मुलीवर अन्याय नको, पण सगळ्यांना आयती स्वच्छ नोंद दिली तर व्यायामाचा जीवच जाईल.

प्रतिसाद ५

वरची सर्जिकल वॉर्डची सिस्टर. मॅडम, वॉर्डात मी नव्या मुलीकडून पाळी घेताना एक गोष्ट करून घेते. काम सुरू करायच्या आधी तिने नोंद वाचून सांगायचं की हिच्यात मला काय मिळालं नाही आणि ते मी आता कुठून मिळवणार. रात्रीच्या मुलीला पहिले गुण त्यावर द्या. नोंद वाईट असली तर तिला लिहायला जास्तच मिळेल. श्वास दुपारी मोजलेला दिसत नाही, मी पुन्हा मोजते, एवढं तिने लिहिलं आणि खरंच मोजलं तर ती पास आहे. सकाळच्या मुलीचे गुण रात्रीच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नांवरून ठरवा, आणि ते प्रश्न तिला वाचायला द्या.