मदत हवी आहे : प्रबोधिनीत राहून बी.टेक.चा अभ्यास कसा सांभाळावा?

माझा भाचा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नौदलाचा कॅडेट असून बी.टेक. शाखेत आहे. तेथील 3 वर्षांनंतर पदवीचे चौथे वर्ष त्याला केरळातील एळिमला येथील नौदल अकादमीत पूर्ण करायचे आहे. शारीरिक प्रशिक्षणाची त्याला धास्ती नाही; अडचण गणिताची आणि विद्युत परिपथांची आहे. पहाटेची पीटी आणि ड्रिल उरकून वर्गात बसल्यावर डोळ्यांवर झापड येते, आणि संध्याकाळच्या खेळांनंतर रात्री वही उघडली तरी लाप्लास रूपांतराचे एक उदाहरणही धड तडीस जात नाही, असे तो सांगतो. नापास झाल्यास सत्र मागे पडण्याची टांगती तलवार आहेच. शिस्तीबद्दल आमची तक्रार मुळीच नाही, ती हवीच. मात्र सलग वेळ मिळत नसताना, तुकड्यातुकड्यांनी हाती येणाऱ्या अर्ध्या-पाऊण तासात अभियांत्रिकीचे गणित पक्के कसे करावे, हे या वाटेने गेलेल्या माजी कॅडेटांनी किंवा त्यांच्या पालकांनी कृपया सांगावे. सुटीत घरी आल्यावर पुढच्या सत्राचा कोणता भाग आधी करून घ्यावा? त्याचे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले असल्याने इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या जोडीला कोणती टिपणे उपयोगी पडली, तेही कळवावे.