बागेतल्या कोपऱ्यात भाज्या आणि फुलपाखरांची झाडं: आपापले अनुभव लिहा

शुभदा_कोथरूड: कढीपत्त्यावर औषध मारताना कोणीतरी दिसलं, म्हणून हा धागा. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते ती फुलपाखराची लहान अळी, मोठी झाली की हिरवी होते. निलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, कढीपत्ताही त्याच कुळातला. एक झाड फोडणीला, एक अळ्यांना. दोन्हींत 4 फूट अंतर ठेवा.

कट्टेकरी: बागेतले पेव्हर (फरशीचे ठोकळे) उचकटलात की खाली मुरूम आणि डबर. त्यात खड्डा करून माती भरली तर पावसात पाणी साचतं, मुळं कुजतात. वाफा जमिनीच्या वर 1 फूट, रुंदी 4 फूट, म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो. 2 भाग माती, 1 भाग शेणखत, 1 भाग पाल्याचं खत. शेणखत कच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आलीच समजा.

मंगलमावशी: भोपळे लागतात आणि सुपारीएवढे होऊन गळतात ना? पराग पोचत नाही. मादी फुलाखाली इवलासा भोपळा असतो, नराला नुसता दांडा. नर फुलाच्या पाकळ्या काढायच्या, पिवळा दांडा मादीच्या मधल्या गोळ्यावर फिरवायचा. लाल भोपळा सकाळी 9 च्या आत. दुधी संध्याकाळी उमलतो, त्याला दिवेलागणीला जा.

धायरीकर: मावशी, दुधी लागतो हो, घरी कोण नेतं ते शोधा आधी 😄

मंगलमावशी: वेल कुंपणाच्या जाळीला बांधू नका, रस्त्यावरून हात पोचतो. आतल्या मांडवावर चढवा.

पानवेडा: मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) आला तर 1 लिटर कोमट पाण्यात थोडा पातळ साबण, मग 5 मिली निमतेल. साबण आधी. नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. फवारणी सूर्यास्तानंतर, फुलांवर नाही, अळ्यांच्या झाडाला तर अजिबात नाही.

रोहिणी_सिंहगडरोड: गोंडेदार हायब्रीड झेंडू दिसायला छान, मधमाश्यांना त्यात फारसं काही मिळत नाही. एकेरी पाकळ्यांचा लावा. तुळस-सब्जाच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. तिथे निळ्या पट्ट्यांची मधमाशी येते, तीच वांग्या-टोमॅटोचं फूल धरून गुणगुणते, त्या थरथरीने पराग झडतो. सातेरीला, म्हणजे पोळ्यातल्या आपल्या नेहमीच्या मधमाशीला, ते जमत नाही.

कट्टेकरी: घाणेरी कोणी लावू नका, फुलपाखरं येतात तरी. पसरते फार.

धायरीकर: ते सगळं ठीक, नळाला तोटी कोण बसवतंय? पाइप लावला की अर्धं पाणी बाकाखालीच.

शुभदा_कोथरूड: पाऊण इंची लागेल. टेफ्लॉन टेपही आणा.