एमआरआय नॉर्मल, तरी मेंदूला सूज असू शकते का?

सातारकर_७:
धाकटी बहीण, वय २१. दिवाळीनंतर तिची झोप उडाली, मग असंबद्ध बोलायला लागली. परवा आकडी आली. आता तोंड सारखं चघळल्यासारखं हलतं. एमआरआय नॉर्मल आहे. मामा म्हणतात, बाहेरचं बघून घ्या. न्यूरोच्या डॉक्टरांना मेंदूच्या सुजेचा संशय आहे, पाठीतलं पाणी काढायचंय. आई सही करत नाही. फोटोत काही नाही तर सुई कशाला, म्हणते. तिला कसं समजावू?

गंधाली:
दादा, मी एमआरआय टेक्निशियन आहे. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन सुटलो म्हणणारे नातेवाईक बघितले की जीव तुटतो, म्हणून सविस्तर लिहिते. हर्पिसच्या विषाणूने सूज आली तर बहुधा कानशिलामागचा भाग फ्लेअर नावाच्या एमआरआय चित्रात पांढरा दिसतो. रक्त आणि मेंदूमधला अडसर ढिला पडला असेल तर शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं औषध तिथे झिरपतं आणि ती जागा चमकते. पण कधी शरीराच्याच अँटीबॉडीज मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनांवर, उलटतात. रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात, पेशी सहसा मरत नाही. मग फोटोत काय दिसणार? हा आजार डॉ. दालमाऊंच्या गटाने २००७ मध्ये ओळखला. २०१३ च्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात एमआरआयमध्ये दोष सापडला जेमतेम ३३ टक्क्यांना, ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखात, ९० टक्क्यांना. त्या अँटीबॉडीज पाठीतल्या पाण्यातच नीट सापडतात. आईंना एवढंच सांगा. आणि अंडाशयाची सोनोग्राफी झाली का? तरुण मुलींत तिथली टेराटोमाची गाठ याचं मूळ असू शकते.

मीराची_आई:
ताई, सही करा हो. माझ्या लेकीचं पाणी काढलं तेव्हा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं होतं. जागा बधिर केली होती. नंतर डोकं दुखलं, तेवढंच.

सातारकर_७:
आईला दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. सही झाली, पाणी काढलं. ईईजीत लहरी मंद आहेत. सोनोग्राफी उद्या. पेट स्कॅनचंही म्हणतायत, तो कशासाठी?

गंधाली:
मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते त्यात कळतं. या आजारात डोक्याच्या मागचा भाग बऱ्याचदा थंड पडलेला दिसतो, एमआरआय साफ असला तरी. उपाशी न्यावं लागेल, आणि इंजेक्शननंतर अंधाऱ्या खोलीत शांत पडून राहायला लागतं. ती आत्ता पडून राहील का, भूल लागेल का, ते आधीच बोलून ठेवा. अँटीबॉडीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. तोवर स्टेरॉइड सुरू करणार का, हे आजच्या राउंडलाच विचारा.