मदत हवी आहे: पॉइंट टू टू रायफलसाठी पहिला स्लिंग, तोही डावखुऱ्याचा, कोणता घेऊ?

डावखुरा_नागपूर

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. दहा मीटर एअर रायफल मी शाळेपासून करतो, आता कोच म्हणाले की पन्नास मीटरला ये, पॉइंट टू टूवर (म्हणजे .२२ बोअरची रायफल), सुरुवात प्रोननी कर (पालथं पडून) आणि ते बसलं की नीलिंग (गुडघ्यावर बसून). एअर रायफल उभ्यानेच मारायची राहते आणि स्टँडिंगला स्लिंग (रायफल स्थिर धरायला दंडावर बांधायचा पट्टा) नियमातच बसत नाही, त्यामुळे स्लिंग कसा निवडायचा हे मला अजिबात माहीत नाही, सुरुवातीपासूनच समजून घ्यायचं आहे.

आता खरी अडचण. मी डावखुरा आहे, निशाणही डाव्या डोळ्याने. क्लबमधल्या एका सिनिअर दादाची डाव्या हाताची जुनी जर्मन अनशुट्झ रायफल आहे, ती मला सरावाला मिळून राहिली (रायफल क्लबमध्येच राहते, घरी आणायचा प्रश्न नाही). पण स्लिंग म्हणाल तर क्लबमधले सगळे उजव्या शूटरचे, म्हणजे डाव्या दंडावर बसणारे. मी त्यातला एक उजव्या दंडावर चढवून पाहिला तर बकल आतल्या बाजूला येते, काखेजवळ रुतते आणि पट्टा मनगटापाशी पिळा खाऊन येतो. कोच म्हणतात थोडे दिवस चालवून घे, पण मला वाटते की पहिल्यांदा पोझिशन बसवतानाच वाकडी सवय लागली तर ती पुढे निघणार नाही, म्हणून स्वतःचाच घ्यावा.

ऑनलाइन शोधलं तर रायफल स्लिंग म्हणून जे दिसते ते सगळं खांद्याला अडकवायचे पट्टे, हिरवे चट्टेपट्टेवाले, दोन्ही टोकांना हुक. ते आपल्या कामाचे नाहीत एवढं समजते, पण मग कामाचं काय? लेदर घेऊ की सिंथेटिक? आपल्या इकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जाते आणि जॅकेटमध्ये माणूस नुसता निथळतो, पावसाळ्यात परत सगळ्याला बुरशी, लेदर टिकेल का? इतवारीत बॅगा-पट्टे शिवणारे चांगले कारागीर आहेत, त्यांच्याकडून बनवून घेतला तर? प्रोन आणि नीलिंगला एकच चालतो की वेगवेगळे लागतात? बजेट पाच हजारांच्या आसपास. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरी एकदाच मागायचे आहेत, म्हणून नीट विचारून घेऊन राहिलो. डावखुरे कोणी असतील तर प्लीज लिहा.

पन्नास_मीटर

पुण्यात बालेवाडीला सराव करतो. तुझा प्रश्न योग्य आहे आणि वेळेवर विचारलास. आधी मूळ गोष्ट सांगतो मग खरेदीचं बघू.

खांद्याला अडकवायचा पट्टा रायफलच्या दोन टोकांना बांधलेला असतो. आपला टार्गेट स्लिंग एकाच ठिकाणी, पुढच्या लाकडाखालच्या रेलवर, हँडस्टॉपपाशी (हात टेकायचा अडसर) अडकतो आणि दुसरं टोक म्हणजे दंडावरचा कफ. दंड, कोपर, मनगट आणि पट्टा यांचा घट्ट त्रिकोण तयार होतो आणि रायफलचं वजन स्नायूंनी न उचलता हाडांवर आणि पट्ट्यावर जातं. स्लिंग बरोबर बसला की हाताची मूठ पूर्ण सैल सोडली तरी रायफल जागची हलत नाही, ही त्याची परीक्षा.

म्हणून पहिला निकष ब्रँड नाही, किंमत तर नाहीच. पट्टा ताणायला नको. वीस गोळ्यांची सिरीज सुरू केलीस आणि दहाव्या गोळीपर्यंत पट्टा दोन मिलिमीटर लांबला की नळी खाली येणार, तू नकळत खांद्याने उचलणार, मग ग्रुप (टार्गेटवरच्या गोळ्यांचा पुंजका) वर-खाली पसरणार आणि तुला वाटणार ट्रिगर चुकतोय. दुसरा निकष, कफ बाहीवरून खाली सरकायला नको. कफच्या आत रबरासारखं पकड घेणारं अस्तर बघ. शिवाय जॅकेटच्या बाहीवर किंवा खांद्यावर बाहेरून एक हुक किंवा लूप नियमात चालतो, तो कफला वर धरून ठेवतो, तुझ्या जॅकेटला तो उजव्या बाजूला आहे का बघून घे.

नियमांचं म्हणशील तर रुंदी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, फक्त दंडावरून घालायचा, हाताच्या किंवा मनगटाच्या एकाच बाजूने जायला हवा, आणि हँडस्टॉप-स्विव्हल (पट्टा अडकवायची फिरती कडी) सोडून रायफलचा दुसरा कुठलाही भाग पट्ट्याला टेकायला नको. इक्विपमेंट कंट्रोलला (सामानाच्या तपासणीत) हे बघतात. कारागिराकडून बनवून घेणार असशील तर हे आकडे त्याला लिहूनच दे.

कामठीवाले_काका

बेटा, आम्ही एनसीसीत पॉइंट टू टूवरच फायरिंग शिकलो, साधा वेबिंगचा पट्टा दंडाला गुंडाळायचो आणि मस्त ग्रुप यायचे. सुरुवातीला एवढा खर्च काहून करतो? सुती जाड पट्टा घे, बकल लावून घे, झालं काम. पोझिशन शिकायला तेवढं पुरते असं माझं मत.

पन्नास_मीटर

काका, शिकण्यापुरतं तुमचं बरोबर आहे, पट्ट्याचं तत्त्व त्यातूनच कळतं. पण एनसीसीत एका वेळी मोजक्या गोळ्या असतात. थ्री पोझिशनला आता नीलिंग, प्रोन, स्टँडिंग अशा क्रमाने प्रत्येकी वीस गोळ्या, त्याआधी सायटिंग (निशाण जुळवायच्या, न मोजल्या जाणाऱ्या गोळ्या). एवढा वेळ दंडाला गुंडाळलेला सुती पट्टा रक्त अडवतो आणि हळूहळू सैलही होतो. शिवाय पन्नास मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे, तिथे असला फरक लगेच दिसतो.

पंचगंगा

कोल्हापूरची आहे आणि डावखुरी पण आहे, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवेना. आमच्याकडे तेजस्विनीताई सावंतांनी २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तेव्हापासून पोरी प्रोनसाठी रांग लावून असतात आणि २०२४ ला स्वप्निल कुसाळेचं पॅरिसचं ब्राँझ आलं त्यानंतर तर विचारूच नका, थ्री पोझिशन म्हणजे काय ते आता रिक्षावाल्यालापण सांगावं लागत नाही. तरी डावखुऱ्यांचं सामान मिळायची बोंब आहे तशीच आहे, दादा.

सगळ्यात महत्त्वाचं ऐका. ऑर्डर देताना नुसतं "लेफ्ट" म्हणायचं नाही. काही दुकानदार लेफ्ट म्हणजे डावखुरा शूटर समजतात, काही डाव्या दंडावर बसणारा समजतात, आणि ते दोन्ही बरोबर उलटे स्लिंग आहेत. स्पष्ट लिहायचं, शूटर डावखुरा, स्लिंग उजव्या दंडावर बसणार, आणि बकल दंडाच्या बाहेरच्या बाजूला आलं पाहिजे. फोटो मागवा, कफची वळणं बघा. गेमन, सेंट्रा, एएचजी या कंपन्यांच्या स्लिंगमध्ये डावा-उजवा बघूनच घ्या. कस्टम ड्युटी धरून इम्पोर्टेड तुमच्या बजेटच्या वर जाईल बहुतेक, पण जुना वापरलेला मिळाला तर आनंदाने घ्या, स्लिंग वापरल्यानं खराब होत नाही, फक्त भोकं ओढली जाऊन लांबट झालीत का आणि शिवण उसवली का तेवढं बघा.

लेदर की सिंथेटिक, तर नागपूरच्या हवेला माझं मत सरळ सिंथेटिक. घामानं आणि पावसाळी दमटपणानं लेदर मऊ पडतं आणि ताणतं, मे महिन्यात लावलेलं भोक ऑगस्टमध्ये तुमचं राहत नाही. लेदर दंडावर बसतं छान, ते खरं, पण पहिल्या स्लिंगला रोज बदलणारी लांबी नकोच, तुम्हाला कळणारच नाही पोझिशन बदलली की पट्टा. इतवारीच्या कारागिराकडून कफ शिवून घ्या हवं तर, हातशिलाई मस्त असते त्यांची, पण पुढचा लांब पट्टा न ताणणाराच पाहिजे.

प्रोन आणि नीलिंगला स्लिंग एकच, लांबी वेगळी. म्हणून पट्ट्यावर भोकांचे नंबर किंवा खुणा हव्यातच, दोन्ही पोझिशनचा नंबर आणि हँडस्टॉप रेलवर कुठल्या आकड्याला आहे ते वहीत लिहून ठेवायचं.

डावखुरा_नागपूर

ताई, लेफ्टचा हा घोळ मला कोणीच सांगितला नव्हता, मी तर कार्टमध्ये टाकूनच बसलो होतो एक, आता आधी विचारतो. काका, पन्नास मीटर दादा, तुमचेही मनापासून आभार.

दोन शंका अजून. क्लबचा उलटा स्लिंग लावून पडलो तेव्हा फ्रंट साइटची (नळीच्या टोकावरची) रिंग ठोक्याठोक्याला उडताना दिसत होती, अगदी नाडीसारखी. आणि थोड्या वेळाने अंगठ्याजवळ मुंग्या यायला लागल्या. हे उलट्या स्लिंगमुळे की माझ्या दंडातच काही आहे? आणि नवीन आला की कोणत्या क्रमानं बसवायचा?

पंचगंगा

नाडीच आहे ती. दंडाच्या आतल्या बाजूनं मोठी धमनी जाते, कफ तिच्यावर घट्ट बसला आणि तुमच्या केसमध्ये बकलपण आतच, की प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलला जाणार. कफ बायसेपच्या मधोमध नको. वर, खांद्याचा स्नायू संपतो त्याच्या लगेच खाली चढवून बघा, बहुतेकांचं तिथं शांत होतं. काही जणांना खाली बरं पडतं. आणि कफ दंडाला आवळायचा नसतो, सरकणार नाही इतपतच, ताण पुढच्या पट्ट्यात असतो. आत जाड स्वेटर घातला की पण ठोका कमी येतो, पण नागपूरला मे महिन्यात ते कसं जमायचं देवाला ठाऊक.

मुंग्या म्हणजे पट्टा फार आखूड किंवा हात स्टॉपला चुकीचा टेकतोय. अंगठा आणि तर्जनीमधली जागा स्टॉपला लागली पाहिजे, ग्लोव्ह जाड हवा, बोटं सैल. मुंग्या आल्या की उठायचं, हात मोकळा करायचा, तसंच मारत राहायचं नाही, नस दुखावली तर महिने जातात.

पन्नास_मीटर

क्रमाचं मी सांगतो. सगळ्यात आधी स्लिंग न लावता पड, उजवं कोपर रायफलच्या किंचित बाहेर, आणि कोच बाजूने बघू देत, आधाराच्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी झाला तर नियमात बसत नाही. त्या स्थितीत हात जिथे येतो तिथे हँडस्टॉप कस. मग स्लिंग सैल लावून एकेक भोक आखूड करत जा, ज्या भोकाला हात पूर्ण सोडल्यावर नळी खाली जात नाही तिथे थांब. त्याहून एक भोक आखूड केलंस तर गोळीनंतर रायफल बाजूला उडी मारेल, त्यावरून ओळखायचं. मग डोळे मिटून दोन-तीन श्वास घे, उघड, काळं वर्तुळ रिंगमध्येच हवं. नसेल तर हाताने ओढू नकोस, पोट आणि पाय सरकवून अख्खं शरीर वळव. हे सगळं ड्राय फायरवर (गोळी न भरता) कर, गोळ्या वाया घालवू नकोस.

आणि खरेदीआधी रेलच्या खाचेची रुंदी मोज. हँडस्टॉप नेहमी स्लिंगसोबत येतोच असं नाही, आणि जुन्या रायफलला नवा स्टॉप आत जाईलच असंही नाही. सिनिअर दादाकडे मूळ स्टॉप पडलेला असेल तर पैसे वाचले.

डावखुरा_नागपूर

आज रेंजवर दादाला विचारलं, मूळचा हँडस्टॉप त्याच्या पेटीत निघाला, स्विव्हलसकट, रेलमध्ये घट्ट बसते. स्लिंग मात्र त्याने कधीच कोणाला देऊन टाकला म्हणे. कफ बाहेरून पकडून दंडाच्या वरच्या भागावर नुसता दाबून पाहिला तर ठोका खरंच कमी जाणवला, म्हणजे माझ्या दंडात काही भानगड नाही, एवढा जीव हलका झाला ना ताई.

आता ठरवलं ते असं, सिंथेटिक पट्टा, ४० मिलिमीटरच्या आत, नंबरवाली भोकं, उजव्या दंडाचा कफ. नवीन इम्पोर्टेडचा भाव विचारला, बजेटच्या बराच वर आहे. तर कोणाकडे डावखुऱ्याचा वापरलेला स्लिंग पडून असेल तर कळवा, पोस्टाचा खर्च मी देतो.

पंचगंगा

माझा पहिला आहे की घरी, सिंथेटिकच, कफचं अस्तर थोडं झिजलंय पण पट्टा अजून एक मिलिमीटर ताणला नाही. पुढच्या स्पर्धेला बालेवाडीला येणार आहे, तुमच्या क्लबमधलं कोणी येत असेल तर त्यांच्याकडे देते. अस्तर तुमच्या इतवारीच्या कारागिराकडून बदलून घ्या, बाहीच्या कापडावर घासून पकड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका त्याला. किंमत मेसेजमध्ये बोलू, घरी मागावी लागेल एवढी नाही.

डावखुरा_नागपूर

ताई, आमचे दोघं जण येऊन राहिले बालेवाडीला, आजच त्यांना सांगतो. जॅकेटच्या उजव्या खांद्याला लूप नाही, तो उद्याच शिवायला टाकतो. मेसेज केला आहे, बघा.