पेशी ‘पक्व’ होते की ‘जाणती’?

भाषांतरी: स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवरचा लेख मराठीत करतेय. नवजात उंदराच्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, पण साखर कमी असतानाही सोडत राहतात. साखर पाहून हात आखडता घेणं त्यांना पुढे जमतं. या बदलाला मी ‘परिपक्वता’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘प्रौढत्व’ केलं. प्रौढत्व वयाचं असतं ना? इथे कसब आलंय.

खोडरबर: पक्व म्हणजे शिजलेलं नाहीतर पिकलेलं. पिकलं की गळणं आलंच. ‘जाणती’ म्हणा.

शब्दमुंगी: उद्या ‘शहाणी झाली’ म्हणाल! जुन्या बायका ते कशाला म्हणायच्या, आठवा जरा.

अडाणी: सरळ ‘मॅच्युअर’ लिहा. ठेव मॅच्युअर होते तेव्हा कुणी हरकत घेतं का?

खोडरबर: घेतात. ‘मुदतपूर्ती’ असा शब्द आहे.

परीक्षानळी: आधी घडतं काय ते बघा. काही जनुकं चालू होतात, हे अर्धंच. काही बंद व्हावी लागतात. हेक्झोकायनेज-१ हे विकर (एन्झाइम) थोड्याशा ग्लुकोजवरही जोरात चालतं. ते राहिलं तर साखर कमी असतानाच इन्सुलिन सुटेल. म्हणून ते काम ग्लुकोकायनेजकडे, त्याला ग्लुकोज भरपूर लागतं. एमसीटी-१ या वाहकाचंही तसंच. काही कुटुंबांत त्याच्या जनुकाच्या नियामक भागात बदल असतो आणि तो बीटा पेशीत चालूच राहतो. दमछाक करणारा व्यायाम झाला की रक्तात वाढलेलं पायरुवेट, म्हणजे ग्लुकोज फुटून बनणारा पदार्थ, त्यातून पेशीत शिरतं, इन्सुलिन सुटतं, साखर घसरते. अशा जनुकांना मी ‘निषिद्ध’ म्हणतो.

खोडरबर: निषिद्धला पापाचा वास येतो. ‘वर्ज्य’ घ्या. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पेटीवर पट्ट्या असतातच, वाजवायच्या नाहीत.

शब्दमुंगी: पण तिथे वाजवणारा स्वतः टाळतो. इथे डीएनएवर मेथिल गट चिकटवून पट्टीच दाबून ठेवलीय. ‘दडपलेली’ जास्त खरं.

भाषांतरी: माझं परिपक्वतेचं राहिलंच. शिवाय जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांबद्दल ‘मॅफ-बी जाऊन मॅफ-ए येतो’ हे वाक्य चालेल?

परीक्षानळी: उंदरापुरतं. माणसाच्या बीटा पेशीत मॅफ-बी मोठेपणीही असतो. ‘उंदरात’ हा शब्द गाळू नका, बाकी काहीही लिहा.

खोडरबर: आणि बीटा पेशी ज्या पुंजक्यांत असतात त्यांना ‘द्वीपक’ लिहिलं असेल तर काढा. साधं ‘बेट’ आहे की.

शब्दमुंगी: बेटाला भोवती पाणी लागतं. स्वादुपिंडात कुठलं?

खोडरबर: बांबूचं बेट काय पाण्यात असतं? दाट पुंजका म्हणजेही बेट. लँगरहान्सनं १८६९ मध्ये पेशींचे पुंजकेच वर्णन केले होते. बेट हे नाव लागेसनं १८९३ मध्ये दिलं.

शब्दमुंगी: लागेसच्या मनात बांबू नव्हता हो. इन्सुलिन हे नावही लॅटिनमधल्या बेटावरूनच आलं, आणि ते पाण्यातलं.

अडाणी: मग द्वीपच बरं.

खोडरबर: द्वीप म्हणजे द्वि अधिक अप्, दोन्ही बाजूंना पाणी. तुमची अडचण तिथेही सुटत नाही.